टेकडीवरचा वटवट्या नेमका कोणता?

५ जून २०२० रोजी, जागतिक पर्यावरण दिनाचे निमित्त साधून, केंद्र शासनाने ‘नगर वन’ योजना जाहीर केली. पुढील पाच वर्षांत देशातील दोनशे शहरांत वने उभी करावयाची असा तिचा संकल्प होता, आणि तो जाहीर करताना जे उदाहरण देशापुढे ठेवण्यात आले ते पुण्यातील वारजे येथील वनाचे होते. सुमारे १६.८ हेक्टरांची ओसाड टेकडी, वन विभाग आणि एक स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने तिचे झालेले हिरवे रूपांतर, आणि तेथे आढळलेल्या वनस्पतींच्या २३, पक्ष्यांच्या २९, फुलपाखरांच्या १५, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १० व सस्तन प्राण्यांच्या ३ जाती, असा तपशील त्या वेळी देण्यात आला. बाह्यवळण महामार्गाचा धूर आणि गोंगाट रोज सोसणाऱ्या वारजेकरांना ही बातमी सुखावून गेली असेल तर त्यात नवल नाही. पहाटे पाय मोकळे करावयास सावलीची जागा मिळणे ही शहरात लहान गोष्ट नव्हे.

तथापि अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. आकडा समोर आला की तो कशाचा, कोणी मोजलेला आणि कशाच्या तुलनेत, हे विचारल्यावाचून त्याला चैन पडत नाही. पक्ष्यांच्या २९ जाती म्हणजे कोणत्या? टेकडी ‘ओसाड’ होती तेव्हा तेथे किती होत्या? त्यांपैकी किती टिकल्या, किती गेल्या आणि किती नव्याने आल्या? बेरीज तीच राहूनही आतील घटक मुळापासून बदलू शकतात, हे राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला धडा वाचलेला विद्यार्थीही जाणतो. टेकडीच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे एखाद्या दुर्मीळ गरुडाकडून मिळावयाची नाहीत. ती मिळतील कुंपणाच्या तारेवर, घाणेरीच्या जाळीत आणि कुसळी गवतात दिवसभर बडबडणाऱ्या एका क्षुद्र पाखराकडून. त्याचे नाव वटवट्या.

शेपटीसकट जेमतेम १३ सेंटिमीटर लांबी, वजन दहा ग्रॅमांच्या आत, आणि नावाला जागून अखंड चाललेली वटवट. वारज्यात, किंबहुना पुण्याच्या कोणत्याही उपनगरात, हा पक्षी ऐकला नाही असा मनुष्य विरळा. पाहिला आहे असा मात्र त्याहून विरळा, आणि पाहून ओळखला असा तर शोधावाच लागेल. बहुतेकांच्या लेखी ती ‘कसलीशी चिमणी’ असते. अनुभवी पक्षिनिरीक्षकदेखील अशा साऱ्यांना ‘लहान तपकिरी पक्षी’ या एकाच पोत्यात भरून पुढे चालू लागतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे की, या पोत्याची गाठ सोडली पाहिजे, कारण आत एक पक्षी नाही, निदान तीन आहेत आणि ते तिघे जमिनीविषयी तीन वेगवेगळ्या साक्षी देतात.

पहिला राखी वटवट्या. डोके व पाठ राखी, छाती-पोट फिकट बदामी ते तांबूस, डोळा लालसर, चोच काळी, आणि लांब उभारलेल्या शेपटीच्या टोकांना काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची किनार. एका झुडपातून दुसऱ्या झुडपात उडताना तो चट्‌चट् असा, विजेच्या तारेतून ठिणगी पडावी तसा आवाज करतो. हा एक आवाज कानात बसला की डोळे मिटूनही त्याला ओळखता येते. बंगल्याची बाग, सोसायटीची मेंदी, रस्त्याच्या मधल्या दुभाजकावरील झुडपे, यांपैकी काहीही त्याला चालते. माणसाने केलेल्या बदलांशी त्याने जमवून घेतले आहे. दुसरा साधा वटवट्या. अंगावर राखेचा लवलेश नाही. वरून फिकट मातकट, खालून मळकट पांढरा, आणि डोळ्यावर एक फिकी भुवई. त्याला उंच गवत, शेताचे बांध, पाणथळीच्या कडेची लव्हाळी हवीत. मुठेच्या काठावर जेथे अद्याप गवत उरले आहे तेथे त्याला शोधावे. त्याचे गाणे म्हणजे कीटकाची किरकिर; पुष्कळांना तो पक्षी गातो आहे हेच उमगत नाही. तिसरा रान वटवट्या. पहिल्या दोघांपेक्षा थोराड, चोच जाड, रंग करडा-तपकिरी आणि शेपटीच्या कडेची पिसे पांढरट. पावसाळ्यात हा एखाद्या झुडपाच्या शेंड्यावर उघडा बसून दोन-तीन अक्षरांचे खणखणीत पालुपद मिनिटामागून मिनिट आळवीत राहतो. खडकाळ उतार, त्यावर गुडघाभर गवत आणि मधूनमधून बोरी, हिवर, तरवड यांची झुडपे, ही त्याची जागा. शासकीय भाषेत जिला ‘ओसाड’ म्हणतात, तीच ती.

पुण्याच्या परिसरात वटवट्यांच्या आणखी एकदोन जाती आहेत, आणि पानांची टाके घालून घरटे शिवणारा शिंपी हाही नवख्याला पुष्कळदा चकवितो. परंतु शिंप्याची पाठ हिरवट आणि टोपी तांबडी असते. पानांच्या शिवणीवरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण राखी वटवट्याही काही वेळा शिंप्यासारखाच पाने शिवतो. अंडी मात्र त्याची त्याचीच: चकचकीत, विटकरी रंगाची. साध्या वटवट्याची निळसर हिरवी आणि डागाळलेली. ही माहिती ग्रंथातली म्हणूनच ठेवावी. ती पडताळण्यासाठी घरट्यात डोकावू नये. त्याविषयी पुढे लिहावयाचे आहेच.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्याच मातीतला आहे. शास्त्रीय जगात या पाखराला नाव मिळाले ते १८३२ साली, आणि ते देणारा मनुष्य पेशाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हता. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील हा अधिकारी १८१७ च्या खडकीच्या लढाईत होता. अर्थात आपल्या विरुद्ध बाजूला. पुढे १८२४ मध्ये एल्फिन्स्टनने त्याची मुंबई सरकारचा ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांचा मुलूख पालथा घालून त्याने लोकसंख्या, पिके, जमिनीचे प्रकार, मजुरीचे दर, धान्याचे भाव, पर्जन्यमान, हवेचा दाब, एवढेच काय, मासे आणि पक्षी यांचीही मोजदाद केली. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाली. राखी वटवट्याला त्याने ‘प्रिनिया सोशॅलिस’ म्हटले आणि साध्या वटवट्याला ‘प्रिनिया इनॉर्नाटा’, म्हणजे अलंकारहीन. रान वटवट्याचे नाव त्यानंतर आठ वर्षांनी, १८४० मध्ये, जर्डन या मद्रासच्या सेवेतील लष्करी शल्यवैद्याने दिले. हाच साइक्स पुढे कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेचाही.

साइक्सचे पोवाडे गावयाचे नाहीत. त्याची ती सारी मोजदाद राज्यकर्त्यांच्या सोयीची होती. महसूल किती निघेल, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता, आणि ज्या रयतेची त्याने गणना केली तिला तीतून काय मिळाले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तरीही एक गोष्ट त्याच्या पदरात टाकावीच लागेल. जो मनुष्य ज्वारी आणि बाजरी वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो, त्याने दोन वटवटेही वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले. दख्खनच्या माळावरील दोन मातकट पाखरांत फरक आहे आणि तो लिहून ठेवण्याजोगा आहे, असे त्याला वाटले. शंभर नव्वद वर्षांनंतर, हातात हजारपट चांगली साधने असताना, आपण मात्र त्यांना पुन्हा एका पोत्यात भरतो आहोत.

वर्गीकरण चुकले की हिशेब चुकतो, याचे ठळक उदाहरण आपल्याच सरकारदरबारी आहे. केंद्राचे ग्रामीण विकास मंत्रालय उपग्रहाच्या चित्रांवरून ‘पडीक जमिनींचा नकाशासंग्रह’ प्रसिद्ध करते. त्याची एक आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. त्यात झुडपी जमीन, मग झुडपे विरळ असोत वा दाट, पडीक या सदरात मोडते. एकदा जमिनीवर ‘पडीक’ हा शिक्का बसला की तिच्यावर जे काही कराल ती सुधारणाच ठरते: झाडे लावली तर वनीकरण, इमारत बांधली तर विकास. मुळात तेथे काय होते, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण हिशेबाच्या पहिल्या रकान्यात शून्य मांडलेले असते. पुण्याच्या अनेक टेकड्यांवर गिरिपुष्पाची जी सरसकट लागवड झाली तिच्यामागे दुष्ट हेतू नव्हता. हा मांडलेला शून्य मात्र होता. मूळचा गवताळ उतार, त्यावरचे चंडोल, लावे, रान वटवटे, पावसाळ्यात फुटणारे कंद, हे सारे त्या शून्यात जमा धरले गेले.

याचा अर्थ वारज्याचे वन उपटून टाकावे असा कोणी काढू नये. शहराला सावली हवी, आणि उन्हाळ्यात वणव्याने काळे होणाऱ्या उतारांपेक्षा राखलेले वन केव्हाही बरे. म्हणणे एवढेच की, झाडे वाढली तेव्हा राखी वटवट्या, बुलबुल, शिंजीर, दयाळ यांची सोय झाली, आणि उघड्या माळावरच राहू शकणाऱ्यांची गैरसोय. एका बाजूची जमा दुसऱ्या बाजूच्या खर्चातून झाली असेल, तर दोन्ही आकडे नागरिकांसमोर आले पाहिजेत. ‘२९’ या एका संख्येतून ते येत नाहीत.

देशपातळीवर काय चालले आहे याची थोडी कल्पना २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालावरून येते. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे आणि ९४२ जातींचा त्यात विचार झाला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरविता आला त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत. उघड्या माळांवर व गवताळ प्रदेशांत राहणाऱ्या पक्ष्यांची अवस्था विशेष चिंताजनक असल्याचे अहवाल सांगतो. आणि ज्यांचे उत्तम चालले आहे अशा मोजक्या पक्ष्यांत कोणाची नावे आहेत? पारवा, कोकीळ, मोर आणि आपला राखी वटवट्या. आता कल्पना करा की, एखाद्या महाविद्यालयाने टेकडीवर ‘वटवटे’ मोजले, तीन जातींत भेद न करता. राखी वटवट्याची भरभराट त्या बेरजेत अशी काही मिसळून जाईल की, रान वटवट्या उरला की संपला याचा पत्ताही लागणार नाही. दरडोई उत्पन्नाचा सरासरी आकडा वाढत असताना एखाद्या तालुक्याची उपासमार त्यात दडून राहावी, तसाच हा प्रकार.

भेद करावयाचा कसा, हा आता व्यवहाराचा प्रश्न. येथे कॅमेऱ्याचा उपयोग आहे, आणि येथेच त्याचा सर्वाधिक दुरुपयोगही होतो.

साइक्सने यादी केली तेव्हा छायाचित्रण जगाला ठाऊक नव्हते. ते १८३९ मध्ये जाहीर झाले. त्या काळी पक्षी ओळखण्याचा मार्ग म्हणजे त्याला गोळी घालणे आणि कातडे पेंढा भरून ठेवणे. कॅमेऱ्याने पाखराचा जीव वाचविला, हे त्याचे पहिले मोठे उपकार. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत कॅमेरा स्वस्त झाला, लांब पल्ल्याची भिंगे मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली, आणि छायाचित्र हे ओळखीचे साधन न राहता साध्य होऊन बसले. सुट्टीच्या पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी वा एखाद्या तळ्याकाठी भिंगे सरसावून बसलेली मंडळी पाहिली की, वारज्याच्या कुंपणावरील वटवट्याकडे त्यांतील एकानेही कॅमेरा वळविला नसेल याची खात्री पटते. त्यांना हवा असतो स्वर्गीय नर्तक, नवरंग. तोही अनुरूप फांदीवर, मागची हिरवाई लोण्यासारखी विरघळलेली. पाणी आणि हिरे यांच्या किमतींचे कोडे अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही दरवर्षी सोडवितो: जे विपुल आहे ते उपयुक्त असूनही त्याला बाजारात मोल नाही. छायाचित्रांच्या बाजारातही तेच घडते.

नोंदीसाठी काढावयाचे छायाचित्र वेगळे असते, आणि सुदैवाने ते स्वस्त असते. त्याची गुणवत्ता सौंदर्याने ठरत नाही. दुकानदाराच्या पावतीप्रमाणे ठरते. काय, केव्हा, कोठे, एवढे तीतून कळले पाहिजे. वटवट्यापुरते बोलावयाचे तर चित्रात चार गोष्टी दिसाव्यात: डोळा व त्यावर भुवई आहे की नाही, चोचीची जाडी, छाती-पोटाचा रंग, आणि शेपटीची टोके. त्यासाठी पक्ष्याची बाजू दिसेल असे उभे राहावे, सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा, आणि कॅमेरा खाली, झुडपाच्या उंचीवर आणावा. पाखरू एके ठिकाणी क्षणभरही टिकत नसल्याने उघडझाप एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवावी लागते. वेळ सकाळची, उन्हे तिरपी व पिवळी होण्यापूर्वीची किंवा चढल्यानंतरची. संध्याकाळच्या सोनेरी प्रकाशात राखी रंग तपकिरी दिसतो आणि राखी वटवट्याचा साधा होतो. सावलीत साधा वटवट्या निळसर होऊन राखी वाटतो. नंतर संगणकावर रंग गडद करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. पोट तांबूस आहे की पांढरट यावर जेथे ओळख अवलंबून आहे, तेथे रंगांत ढवळाढवळ करणे म्हणजे खतावणीत खाडाखोड करणे होय.

आणखी एक चित्र प्रत्येक वेळी काढावे, जे हौशी छायाचित्रकार कधीच काढीत नाहीत. पक्षी ठिपक्याएवढा दिसला तरी चालेल, पण ज्या झुडपावर तो बसला आहे ते, भोवतालचे गवत, उतार, मागची इमारत हे सारे त्यात यावे. दहा वर्षांनी तेच चित्र सर्वांत मोलाचे ठरेल, कारण त्यात पक्ष्यासोबत जागाही नोंदली गेलेली असेल. तारीख व वेळ आजकाल चित्रात आपोआप नोंदली जाते. ठिकाण मात्र आपण लिहावे.

ज्यांच्याकडे मोठे भिंग नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. वटवट्याच्या बाबतीत कान डोळ्यांहून अधिक विश्वासू आहेत. खिशातल्या मोबाईलवर अर्धा मिनिट आवाज मुद्रित केला तर तिघांतील भेद बहुधा तत्काळ निकालात निघतो, आणि असा आवाज एखाद्या जाणकाराला ऐकवून खात्री करता येते. आवाजावरून पक्षी सांगणारी ॲपही आता मिळतात. त्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण तो सल्लाच समजावा. वर्गातील पुढच्या बाकावरील हुशार मुलाप्रमाणे ती ठाम असतात, बरोबर असोत वा नसोत.

याच मोबाईलचा एक उपयोग मात्र निषिद्ध मानला पाहिजे. मुद्रित गाणे मोठ्याने वाजवून पक्ष्याला उघड्यावर आणण्याची युक्ती सर्रास चालते. विणीच्या दिवसांत नराला वाटते की आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला आहे. तो चारा शोधणे सोडून भांडावयास येतो, आणि छायाचित्रकाराला उत्तम ‘पोज’ मिळते. अळ्या पसरून पक्ष्यांना ठरावीक फांदीवर बोलावणे हे त्याचेच भावंड. घरट्याजवळचे छायाचित्र तर याहून वाईट. वटवट्याचे घरटे जमिनीपासून हात-दोन हातांवर असते. चित्र स्वच्छ यावे म्हणून बाजूला सारलेली चार पाने ही कावळ्याला आणि मांजराला दाखविलेली वाट असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा पोहोचविणे व अंडी वा घरटी विस्कटणे यांचाही अंतर्भाव आहे, हे कॅमेरेवाल्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. कारुण्य कोकिळा वटवट्याच्या घरट्यात आपले अंडे घालते, तेवढा उपद्रव त्या बापड्याला पुरे आहे.

हे सारे कोणी करावयाचे? या पानाच्या वाचकांत शिक्षक आणि विद्यार्थी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याशी थोडे मोकळेपणाने बोलतो. पदवीच्या वर्गांना पर्यावरण हा विषय अनिवार्य झाला त्याला आता दोन दशके उलटली. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वेळी आखलेल्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य होते, आणि त्यात परिसरातील सामान्य वनस्पती, कीटक व पक्षी यांचा अभ्यास असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात या प्रकल्पांचे काय होते हे आपण सारे जाणतो. आंतरजालावरील वाघाचे चित्र, त्याखाली कोठूनतरी उतरविलेली दोन पाने, वर रंगीत कागदाचे वेष्टण. वर्गातील साठ वह्यांत एकच वाघ आणि एकच मजकूर. शिक्षक सही करतो, विद्यार्थ्याला गुण मिळतात, आणि महाविद्यालयाच्या मागच्या टेकडीवर काय गाते आहे हे दोघांनाही ठाऊक नसते. त्याऐवजी दोघादोघांच्या जोडीने, ठरलेल्या वाटेने, दर आठवड्यास अर्धा तास चालावे. दिसलेला व ऐकलेला प्रत्येक ओळखीचा पक्षी लिहावा. वेळ व अंतर टिपावे. आणि वटवट्यांच्या तीन जातींना तीन रकाने द्यावेत. ओळख न पटल्यास ‘वटवट्या, जात अनिश्चित’ असे लिहावे. या चौथ्या रकान्याची लाज वाटावयास नको. प्रामाणिक हिशेबात तो असतोच.

वेळ आणि अंतर टिपण्याचा आग्रह कशासाठी, हे कारकुनी पेशातील वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. छेद असल्याशिवाय अंशाला अर्थ नाही. दहा रान वटवटे दिसले, यातून काहीच कळत नाही; चाळीस फेऱ्यांपैकी बत्तीस फेऱ्यांत दिसला आणि पाच वर्षांनी चाळीसपैकी सहा फेऱ्यांत, यातून सारे कळते. वर उल्लेखिलेला राष्ट्रीय अहवालही मुख्यतः याच पद्धतीने, म्हणजे संपूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत पक्षी आला या प्रमाणावर, उभा आहे. म्हणूनच ज्या दिवशी विशेष काही दिसले नाही त्या दिवसाची यादी सर्वांत आवश्यक. हौशी मंडळी नेमकी तीच फाडून टाकतात.

अशा नोंदींना कायद्यातही जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने आपल्या हद्दीतील सजीवांची लोक जैवविविधता नोंदवही करावयाची आहे. सतरा वर्षांनंतरही देशभर ते काम अपुरे राहिलेले पाहून राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत घातली आणि चुकणाऱ्यांस दरमहा दहा लाख रुपयांचा दंड सांगितला. मुदतीच्या धास्तीने पुऱ्या झालेल्या नोंदवह्यांत वटवटा एक असेल की तीन, हे वाचकांनीच ताडावे. आणि इकडे पुण्यात, महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरांचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. वारज्याचे उतारही त्यात येतात. हे आरक्षण ठेवावे की त्यावर काही टक्के बांधकाम होऊ द्यावे, हा वाद गेली अनेक वर्षे धुमसतो आहे. जमीनमालकांचीही त्यात खरी अडचण आहे. आरक्षण पडले, मोबदला मिळेना, जमीन विकता येईना, ही त्यांची तक्रार डावलून चालणार नाही. परंतु या वादात एका बाजूने जेव्हा ‘तेथे आहे तरी काय, कुसळे आणि दगड’ असे म्हटले जाते, तेव्हा दुसऱ्या बाजूकडे बहुधा भावनेखेरीज काही नसते. टेकडीचे नाव, तारीख, झुडपासह छायाचित्र आणि गाण्याचे मुद्रण अशी पाच वर्षांची सलग वही कोणी पुढे ठेवली, तर नियोजन प्राधिकरणाच्या सुनावणीत निदान तिची दखल घ्यावी लागेल.

वेळापत्रकाविषयी एक सूचना मात्र केली पाहिजे. महाविद्यालयांच्या आवारांतील पक्षिगणना फेब्रुवारीत चार दिवस होते. जागतिक गणनेशी ती जोडलेली असल्याने ते योग्यच आहे, आणि थंडीत पाहुणे पक्षीही त्या यादीत येतात. पण फेब्रुवारीत रान वटवट्या मुका असतो. सुकलेल्या गवतात तो गवतासारखाच दिसतो आणि नवख्याच्या यादीतून हमखास सुटतो. त्याची खरी गणना आषाढ-श्रावणात करावी लागेल, जेव्हा तो शेंड्यावर बसून आपणहून हजेरी देतो. जून-जुलैमध्ये महाविद्यालये प्रवेशाच्या धांदलीत असतात, परीक्षा नसतात आणि टेकडीवर पावसामुळे गर्दीही कमी असते. छत्री, दुर्बीण आणि पाण्याने न भिजणारी पिशवी एवढ्यावर भागते. वारज्याच्या वनात एक फेरी आणि तेथून जवळच्या अद्याप झाडे न लावलेल्या गवताळ उतारावर तितक्याच वेळाची दुसरी फेरी, अशा दोन याद्या एकाच सकाळी केल्या तर तुलना पहिल्याच वर्षापासून सुरू करता येईल.